झाकणाचा खिसा

मी बायकांचे कपडे शिवते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, परकर, फॉल-पिको. पुरुषाचा शर्ट मी आयुष्यात एकाच माणसाचा शिवला, तोही त्या माणसाने माझ्या पायरीवरून हलायचं नाकारलं म्हणून. अशोकतात्या त्यांचं नाव. सणसरच्या फाट्यावर माझ्या गाळ्याला लागून त्यांचा गाळा होता, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून द्यायचा. होता म्हणजे गाळा अजून आहे. तात्या तेवढे नाहीत.

त्यांच्या शटरचा रंग अजून ओला होता तेव्हाची गोष्ट. बगलेत एक जुना शर्ट मारून ते माझ्या दारात उभे राहिले. उंच, काटकुळे, बोटांना वॉर्निशचा काळपट पिवळा रंग कायमचा बसलेला.

"टेलरबाई, ह्या मापाचं दोन शर्ट पायजेत."

"मी बायकांचं शिवती, तात्या. जेन्टस टेलर चौकात हाय."

"त्याच्याकडं जाऊन आलो. त्यो हसला. म्हनून तुमच्याकडं आलो. खिसं दोन पायजेत, दोन्ही अंगाला."

"पोलिसाच्या शर्टाला असत्यात तसं?"

"पोलिसाच्या दोन्ही खिशात एकच माल असतोय. माझं न्यारं हाय. उजवा खिसा घरचा, डावा दुकानचा. डाव्याला झाकण लावा, वर बटण. आनि काज असं घट्ट ठिवा, की सवयीनं हात गेला तर सहजी उघडाय नको."

मी म्हटलं, आपलाच खिसा, आपलाच हात, आणि त्याला कुलूप कशापायी?

"हात आपला हाय म्हनून तर कुलूप," तात्या म्हणाले. "चोराला एवढं लागत न्हाय."

हसू मलाही आलं होतं, पण मी ते गिळलं आणि शर्ट शिवले. डाव्या खिशाचं काज दोन सूत कमीच ठेवलं. तात्यांनी शर्ट अंगात घालून बटण लावून पाहिलं, उघडून पाहिलं, अंगठ्याचं नख दुखलं तेव्हा समाधानाने मान हलवली. "असंच पायजे हुतं," म्हणाले, आणि शिलाई उजव्या खिशातून दिली. मी विचारलं, शर्ट तर दुकानासाठी शिवला ना? तर म्हणाले, "अंग घरचं हाय न्हवं?"

ह्या एका वाक्याने पुढे काय काय होणार होतं, ते तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं, मला कुठून असणार.

तात्यांनी बारामतीत एका मोठ्या वर्कशॉपमध्ये अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या हाताखाली काढलं. हाताला गुण होता. त्यांनी गुंडाळलेली मोटार पाच पाच उन्हाळे परत येत नसे, आणि गिऱ्हाइकं मालकाला सोडून त्यांचंच नाव घेत. तरी आपलं दुकान काढायला त्यांना पन्नाशी उलटू द्यावी लागली, कारण थोरल्या भावाचं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. भावाने लोणी भापकरला किराणा मालाचं दुकान टाकलं होतं. चांगलं चाललेलं. ते कसं बसलं, हे तात्या दर चार दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगत. ऐकणारा कंटाळला तरी सांगत.

"दरोडा पडला न्हाय, आग लागली न्हाय, उधारीबी बुडली न्हाय. वाटी वाटीनं घरात गेलं. आज तेलाचा पुडा, उद्या मेव्हन्याच्या लग्नाचा आहेर, परवा गाडीचा हप्ता. दुकान आपलंच हाय म्हनत म्हनत घरानं दुकान खाल्लं. एक दिस मानूस साखर मागाय आला, तर पोतं झाडून द्यावं लागलं. भावानं त्या रातीला गाव सोडलं. आता चाकनला कुठंतरी वॉचमन हाय म्हनत्यात. आई गेली तवाबी आला न्हाय."

एवढं सांगून झालं की ते थांबत आणि त्यांचं ठरलेलं वाक्य येई. "धंदा म्हंजे अंगावर पिनारं पोर. दोन वर्सं त्याच्या वाटीतल्या दुधाला बापानं तोंड लावायचं नसतं."

दोन वर्षं म्हणजे दोन जयंत्या. चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी वस्तीत वंदना झाली आणि त्याच दिवशी दुपारी तात्यांनी शटर वर केलं होतं. त्यामुळे मुदत कधी संपणार हे साऱ्या फाट्याला पाठ. दुसऱ्या जयंतीला दुकान अंगावरचं सुटणार, मग घराने त्यातलं काही मागावं. तोवर नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, माणूस नुसता हट्टी नव्हता, तयारीचा होता. नोकरी सोडायच्या आधी त्यांनी घर भरून घेतलं. बाजरी, ज्वारी, डाळी, तेलाचे डबे. पोरीच्या कॉलेजची फी आगाऊ भरली. प्रज्ञा तिचं नाव, बारामतीला नर्सिंगला होती, एकुलती एक. बायकोला, म्हणजे कमलकाकूंना, दोन वर्षांच्या साड्या एकदम घेऊन दिल्या. त्यातली एक काकूंना मुळीच आवडली नव्हती, ती त्यांनी तात्या असेपर्यंत पिशवीतून काढली नाही. "घर पोटभर जेवल्यालं असलं म्हंजे दुकानाच्या ताटात बघत न्हाय," तात्या म्हणायचे. खरं होतं. मी नवऱ्याला म्हटलंही होतं, धंद्यात पडायचं तर असं पडावं.

मग त्यांच्या एकेक तऱ्हा सुरू झाल्या.

गिऱ्हाइकाला चहा सांगितला तर तो डाव्या खिशातून. त्याच चहातला अर्धा कप स्वतः घेतला तर उजव्या खिशातून एक नाणं निघायचं, बटण उघडायचं, नाणं डावीकडे पडायचं, बटण लागायचं. चहा गार व्हायचा. तांब्याची तार आणायला स्कूटरवरून बारामतीला गेले आणि येताना मेथीची जुडी आणली, तर मेथीने दुकानाच्या पेट्रोलवर प्रवास केला म्हणून घराच्या खिशातून दुकानाला भाडं. मी एकदा विचारलं, "तात्या, मेथीला हाफ तिकीट का फुल?" तर गंभीरपणे म्हणाले, "जुडी मोठी हुती. फुल लावलं."

आणि आठवडी बाजाराच्या दिवशी पगार. हा खेळ बघायला चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे जमत. तात्या काउंटरच्या आत उभे राहायचे, ड्रॉवर उघडून पैसे मोजून काउंटरवर ठेवायचे, ड्रॉवरला किल्ली लावायचे. मग फळी उचलून बाहेर यायचे आणि गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहायचे.

"मालक, ह्या टायमाला कमी हाय," बाहेरचे तात्या म्हणायचे.

परत आत जाऊन, घसा खाकरून, मालक उत्तर द्यायचा. "पावसाळा हाय, अशोक. पावसाळ्यात कुनाची मोटार जळतीया? धंदा बघतूयास न्हवं?"

"बरं मालक." बाहेर येऊन पैसे उचलायचे, उजव्या खिशात टाकायचे.

काकू पिशवी घेऊन कडेला उभ्या असायच्या. "मालकाला म्हनावं, घरात गोडंतेल संपलंय."

"कामगाराच्या बायकुनं दुकानात यून बोलायचं न्हाय," तात्या म्हणायचे, आणि लोक पोट धरून हसायचे. काकूही हसायच्या. पहिल्या वर्षी हसायच्या.

उन्हाळा आला. ऊस पाण्याला आला की मोटारी रात्रंदिवस चालतात आणि पटापट जळतात. तात्यांच्या दारात रांग लागली, पार माझ्या पायरीपर्यंत मोटारी येऊन पडल्या. जळक्या कॉइलचा उग्र वास माझ्या कापडांना बसायला लागला. ड्रॉवर भरला. पगार तेवढाच राहिला. काकू म्हणाल्या, "ह्यो मालक तुमच्या जुन्या मालकापरास वंगाळ हाय बगा." तात्यांना हे ऐकून केवढा अभिमान वाटला! चार जणांना सांगत सुटले. वरचा पैसा तारेत गेला, नवीन गुंडाळायच्या मशीनमध्ये गेला. उधारीवर त्यांनी तारेचं वेटोळंसुद्धा आणलं नाही.

त्याच उन्हाळ्यात काकूंचा मिक्सर जळाला. त्यांनी तो आणून काउंटरवर ठेवला, आपला नवरा मोटारी दुरुस्त करतो ह्या भोळ्या समजुतीने. तात्यांनी तो उचलून रांगेच्या शेवटी ठेवला. म्हणाले, "नंबरानं." शेतकऱ्यांच्या मोटारी आधी. काकूंनी पाटा धुऊन काढला आणि मनगटं सुजेपर्यंत वाटण वाटलं. नंबर लागला तेव्हा तात्यांनी मिक्सर दुरुस्त केला आणि घराच्या नावाने बिल फाडलं. गिऱ्हाइकाला असतं तेवढंच. पैसे उजव्या खिशातून डाव्यात गेले, बटण लागलं. त्या आठवड्यात त्यांच्या डब्यात पिठल्याशिवाय काही दिसलं नाही. बाजाराच्या दिवशी काकू पगाराचा खेळ बघायला आल्या नाहीत, पुढेही फारशा आल्या नाहीत.

मोटारीच्या बाबतीत मात्र त्यांचा कान विलक्षण. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर चालत्या मोटारीला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मला एकदा म्हणाले, "मोटार एकदम जळत न्हाय, टेलरबाई. आदी घुमती, मग तापती, मग वास मारती. एवढं सगळं सांगून सवरून जळती. पर मालक म्हनतो, एवढं भरनं हुंदे, मग बघू. त्याला रानात पानी पायजे असतंय."

मी सुईत दोरा ओवत होते. मान हलवली आणि विसरून गेले.

डाव्या खिशावर हात ठेवायची सवय त्यांना पहिल्यापासूनच होती. बटण लागलंय का, पैसे आहेत का, हे दर थोड्या वेळाने चाचपायचे. फाट्यावरच्या लोकांनी त्याची थट्टा लावली. जाणारा येणारा हाक मारायचा, "तात्या, गल्ला जाग्यावर हाय का?" तात्या झाकणावर दोनदा थाप मारायचे. "हाय, हाय."

दुसरं वर्ष अर्ध्यावर आल्यावर हात जरा जास्तच वेळा जायला लागला. धंदा वाढला, खिसा जड झाला, असं आम्ही सगळे धरून चाललो. थंडीच्या दिवसांत एकदा पिकअपमधून मोटार उतरवून घेताना ते मध्येच थांबले. मोटार अर्धी त्यांच्या हातात, अर्धी फळीवर. ती खाली टेकवली आणि उलट्या क्रेटवर बसले. सकाळी आम्ही स्वेटर घालून बसलो होतो आणि ह्या माणसाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हात झाकणावर, दाबून धरलेला.

पंक्चरवाला ओरडला, "तात्या, गल्ला जाग्यावर हाय का?"

तात्या रस्त्याकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "हाय, हाय." थाप काही मारली नाही.

जयंती जवळ येत चालली तसे ते जास्त आवळत गेले. पगार कमी केला. म्हणाले, आता शेवटचा टप्पा हाय, घाट चढताना गाडीत वझं नको. स्वतःचा डबा अर्धा आणायला लागले. शर्टाची कॉलर विरली तेव्हा मी ती उलटवून दिली आणि शिलाई घेतली नाही, तर हट्टाने उजव्या खिशातून दोन नाणी काढून माझ्या मशीनवर ठेवली. त्या खिशात तेवढीच होती. मला स्पष्ट दिसलं. आणि डावा खिसा टम्म फुगलेला, झाकणाखाली.

एका रविवारी सकाळी प्रज्ञा माझ्याकडे आली. सुट्टीला घरी आलेली. कुर्ता आत घ्यायचा होता म्हणाली, पण कुर्ता पिशवीतून काढलाच नाही. मशीनशेजारी बसली.

"मावशी, पप्पा दुकानात डाव्या खिशावर हात ठेवत्यात ना सारखा?"

"त्यो तर त्यांचा मंत्र हाय. का गं?"

"आज सकाळी घरात पान्याची कळशी उचलली त्यांनी. खाली ठेवली आनि तसाच हात ठेवला. दाबून. मी चुलीपाशी हुते, त्यांना दिसले न्हाय."

"मग?"

"अंगात बंडी हुती." तिने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, बंडीला कुठं खिसा असतो?"

माझा पाय मशीनवरून सुटला. पत्र्याच्या भिंतीपलीकडे तात्यांचं मशीन चालू होतं, तार सरसर गुंडाळली जात होती. आम्ही दोघी ते ऐकत बसलो. सबंध फाटा जिची थट्टा करत होता ती सवय कधीची संपली होती, आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. आम्ही त्यालाही तेच विचारत होतो, गल्ला जाग्यावर हाय का.

पोरीने त्याच दिवशी त्यांना ओढत गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मशीनवर छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, ती बघून चष्मा काढला आणि म्हणाले, बारामतीला जा, उशीर करू नका. फी उजव्या खिशातून गेली आणि उजवा खिसा रिकामा झाला. तिथून घरी न जाता ते सरळ दुकानात आले. त्यांच्या मागे प्रज्ञा, तिच्या मागे काकू. मधला पत्रा एवढा पातळ, की मी कान न देताही सगळं ऐकलं.

"सरकारी कार्डावर इलाज हुईल, पप्पा. पन आदीच्या तपासन्या, औषधं, जानं-येनं पदरचं. आनि चार दिस तरी दुकान बंद."

"बंद? उन्हाळा तोंडावर आल्यावर? जयंती हुंदे. एवढी जयंती हुंदे, मग बघू."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

"पैसं हायत, पप्पा. तुमच्या छातीवरच हायत."

"ते दुसऱ्या मशीनचं हायत. पोराच्या वाटीतलं दूध हाय ते."

"घर भरलं तुमी. बाजरी भरली, तेल भरलं, माझी फी भरली. आजारपन कुठल्या पोत्यात भरलं?"

मग काकूंचा आवाज आला, थकलेला. "ऱ्हाऊ दे गं. माझ्या कानातली फुलं मोडू."

आणि तात्या म्हणाले, "चालंल. ती घरची हायत."

मी सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाचा असा राग आला, की कात्री टाकून पलीकडे जावं आणि चार शब्द सुनवावेत. लोक गल्ल्यात हात घालून बुडतात, ह्याने गल्ल्याला हात लावायचा नाही म्हणून बायकोचे कान उघडे करायला घेतले होते. आज ते नाहीत, तरी तो राग माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

प्रज्ञा मात्र भडकली नाही. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "पप्पा, ह्या गुंडाळायच्या मशीनचं बेरिंग गेलं, तर खर्च कुठल्या खिशातनं?"

"दुकानाच्या. मशीन दुकानाचं हाय."

"आनि हे पान्हं, पक्कड?"

"दुकानाच्याच."

"मग गुंडाळनाऱ्याचं बेरिंग वाजाय लागलंय, ते कुठल्या खिशातनं? दुकानात एकच कारागीर हाय ना? बाजाराच्या दिशी त्याला पगार देता ना तुमी? बारामतीत तुमचं बोट मशीनमदी सापडलं हुतं, तवा टाके कुनी घातलं?"

"मालकानं," तात्या म्हणाले.

"मग हितला मालक कुठं गेलाय?"

मी उठून दारात गेले. तात्या काउंटरच्या बाहेर, कामगाराच्या जागी उभे होते आणि आत बघत होते. आत कुणी नव्हतं. रिकाम्या स्टुलाकडे ते असे बघत राहिले, जणू तिथे खरोखरच कुणी बसलेला आहे आणि त्याने आजवर आपल्याला फसवलं आहे. मग फळी उचलून आत गेले, स्टुलावर बसले. चेहरा उतरला होता.

"पोरगी वकील व्हायला पायजे हुती," एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "जाऊ. सोमवारी जाऊ."

"उद्याच सोमवार हाय, पप्पा."

"उद्याचा न्हवं. फुडचा. कळंबच्या बागायतदाराची मोटार घेतलीया, त्याचा ऊस वाळाय लागलाय. जबान दिलीया. तेवढी दिली, की जाऊ."

डॉक्टरांनी उशीर करू नका म्हटलं होतं. आठवडा म्हणजे उशीर की नाही, ह्यावर बापलेकीची पुन्हा झटापट झाली, पण दिलेला शब्द म्हटल्यावर तात्या तसूभर हलेनात. प्रज्ञा जाताना गोळ्यांची पाकिटं काकूंच्या हातात देऊन गेली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, लक्ष असू द्या."

तात्यांनी शटरवर खडूने लिहिलं, सोमवारी दुकान बंद राहील. दोन वर्षांत असं कधी लिहिलं नव्हतं. लोक थांबून वाचायचे आणि विचारायचे, तात्या, पाव्हनं येनार हायत का? तात्या म्हणायचे, "कारागीर आजारी हाय." ते हसत नव्हते. लोकच हसायचे. आठवडाभर ते गोळ्या घेत होते, माझ्यासमोर घेत होते, कळंबची मोटार गुंडाळत होते. एकदा मी म्हटलं, "तात्या, बसून करा." तर म्हणाले, "मालकबी तेच म्हनतोय." त्यांच्या तोंडून मालक काही चांगलं बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

शनिवारी दुपारी कळंबचा बागायतदार पिकअप घेऊन आला. तात्यांनी मोटार जोडून चालू केली. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ऐकलं. "ग्वाड चालती," म्हणाले. मोटार बंद करायला हात पुढे केला तो बटणापर्यंत पोचला नाही. गुडघे मुडपून ते तिथेच भिंतीला टेकून खाली आले. मोटार चालूच होती. ती बंद मी केली.

गाडी बारामतीला पोचली, तात्या पोचले नाहीत. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला शेवटी दुसऱ्या जागी थांबायचं आहे. दुकान चालू आहे. काकू बसतात. बारामतीहून एक कारागीर आणून ठेवलाय, आजारी पडला तर दवाखान्याचा खर्च ड्रॉवरमधून मिळेल, हे काकूंनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. पोर अंगावरचं सुटलं, चालायला लागलं. ती न आवडलेली साडी काकूंनी दुसऱ्या जयंतीला नेसली.

पण मला तात्या आठवतात ते त्या पिकअपमध्ये. ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, ती लांब होती, म्हणून बागायतदारच म्हणाला, माझ्या गाडीत घाला. आम्ही त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. तोंड राखेसारखं, घाम, डोळे उघडे. काकू वस्तीवरून पळत आल्या, त्यांच्या पायात चप्पल नव्हती. फोनवर प्रज्ञा होती, दवाखान्याच्या दारात उभी राहते म्हणाली, आणि म्हणाली, "आई, पैसं संगं घे, भरती करताना लागतील."

काकू सीटवर चढता चढता थबकल्या. पैसे म्हटल्यावर त्यांचा हात आपसूक तात्यांच्या उजव्या खिशात गेला. दोन वर्षांत दुसरीकडे तो कधी गेलाच नव्हता. खिसा रिकामा होता. त्यांनी त्यात बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

तात्यांनी त्यांचं मनगट धरलं. तेवढी ताकद कुठून आणली कोण जाणे. उजव्या खिशातून तो हात काढला, छातीवरून पलीकडे नेला आणि डाव्या झाकणावर ठेवला. वर स्वतःचा हात दाबून धरला.

"दुकानाचं हायत," म्हणाले. "घे. कारागिराला लागत्यात."

भोवती जमलेल्या लोकांना वाटलं, छातीत कळ आली म्हणून त्यांनी बायकोचा हात काळजावर धरला. पंक्चरवाला तोंड फिरवून रडायला लागला. बागायतदाराने गाडी चालू केली.

काकू बटणाशी झटत होत्या. ते काज त्यांनी कधी उघडलेलं नव्हतं, आणि मी ते दोन सूत कमी ठेवलं होतं. गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली तेव्हा मागच्या काचेतून मला त्यांचं वाकलेलं डोकं दिसत होतं. बटण अजून निघालं नव्हतं.